मोटरवर कोण होतं

नोकरीचा अर्ज चांगल्या इंग्रजीत लिहिता येणं ही एके काळी मोठी कला मानली जायची, असं आता कुणाला सांगितलं तर पोरं हसतात. अर्ज लिहिणारी यंत्रं आली आणि कलेचा निकाल लागला. विट्याजवळच्या यंत्रमागावर राबणाऱ्या बापाचं पोर असो की लंडनला शिकून आलेलं पोर असो, दोघांचेही अर्ज एकाच सुरात ‘आय ॲम एक्सायटेड टू अप्लाय’ म्हणत कंपनीच्या दारात उभे राहू लागले. सगळेच टीम प्लेअर, सगळेच सेल्फ मोटिव्हेटेड. अर्जांवर विश्वास ठेवायचा तर आळशी, चिडका किंवा उशिरा उठणारा असा एकही माणूस देशात उरला नव्हता. शेवटी कंपन्यांनी अर्ज वाचणंच सोडून दिलं आणि अर्जदाराचा आवाज ऐकू लागल्या.

ऐकण्यासाठी त्यांनी जे यंत्र आणलं त्याचं कंपनीनं ठेवलेलं नाव काहीही असो, पोरं त्याला ‘कान’ म्हणायची. माणूस खरोखर घडलेलं आठवून बोलतो तेव्हा तो ठरावीक जागी थांबतो, श्वास ठरावीक जागी घेतो. डोळ्यांपुढे चित्र असतं, ते बघत बघत तो बोलत असतो. रचून बोलणाऱ्यापुढे चित्र नसतं, शब्दच असतात. त्यामुळे त्याच्या घशातले स्नायू अगदी बारीक, आपल्या कानाला कधीच कळणार नाहीत असे थरथरतात. कान ते मोजायचा. खरं असलं की हिरवा दिवा, रचलेलं असलं की लाल. इंग्रजी थोडंफार मोडकं असलं तर कान ते पोटात घालायचा, पण बनवाबनवी त्याला खपत नसे.

विराज तोडकर डिप्लोमा घेऊन नोकरीला उभा राहिला तेव्हा हा कान सगळीकडे पोचला होता. प्रश्नही ठरलेला असायचा: कठीण प्रसंगी तुम्ही स्वतः पुढाकार घेऊन काय केलंत, ते इंग्रजीत सांगा. विराजच्या साध्यासुध्या आयुष्यात सांगण्यासारखा प्रसंग एकच होता, आणि तो सांगायला त्याची जीभ रेटत नव्हती.

तो प्रसंग गावच्या गणेश मंडळाच्या देखाव्याचा. त्या वर्षी मंडळानं गोवर्धन पर्वताचा सजीव देखावा केला होता. लोखंडी सांगाड्यावर कापड ताणून डोंगर केलेला, खाली गावातली आठ लहान मुलं, सात गोप-गोपींच्या वेषात आणि मधोमध बोट वर करून उभा असलेला पिटुकला कृष्ण. डोंगर मोटरनं वर जायचा. मोटरचं बटण दाबून धरलं की तो वर राही, सोडलं की हळूहळू खाली येई. रंगमंचावर मंडळाची तीनच पोरं असत: विराज, रुद्र आणि समर्थ. एकानं मोटरवर बसायचं आणि दोघांनी खाली मुलांपाशी थांबायचं, आणि हे काम आळीपाळीनं चाले. कुणाची पाळी कधी, याचा हिशोब कुणी ठेवत नव्हतं.

एका संध्याकाळी ढगांसाठी लावलेल्या यंत्रानं भसाभस धूर सोडला. त्या धुरात कुणाच्या तरी हातून बटण सुटलं, साखळी घसरली आणि डोंगर खाली यायला लागला. कुणी तरी सांगाड्याखाली लाकडाचा ओंडका घातला. आठही मुलं सुखरूप बाहेर आली. मग ओंडका निसटला, आणि धूर ओसरला तेव्हा समर्थ डोंगराखाली होता. गर्दीतल्या शेकडो फोनांनी हे टिपलं होतं, पण त्या सगळ्या चित्रणांत पांढऱ्या धुराशिवाय आणि आरड्याओरड्याशिवाय काही नव्हतं. मुलांना विचारलं तर ती म्हणाली, भगव्या टी-शर्टातल्या दादानं आम्हाला ढकललं. भगवे टी-शर्ट तिघांनीही घातले होते.

कुणी काय केलं हे मोठ्यांनी विचारलंच नाही. मंडळाची रीतच तशी. वर्गणी मंडळानं जमवली, मांडव मंडळानं घातला, मुलं मंडळानं वाचवली. ‘मी केलं’ असं म्हणणाऱ्याला मंडळात शहाणा समजत नाहीत, त्याची टर उडवतात. पोलिसांना मात्र मंडळाचं नाव लिहून भागेना. समर्थ आयटीआयचा वायरमन होता, म्हणून मोटरवर तोच असणार आणि तोच जागा सोडून गेला असणार, असं त्यांनी लिहून टाकलं. मंडळाच्या अध्यक्षांनी पोरांना गप्प बसायला सांगितलं आणि पोरं गप्प बसली.

समर्थची आई रूपालीकाकी म्हणजे विराजची अर्धी आईच. त्याची आई मागावर पाळीला गेली की तो काकीच्याच घरी जेवायचा. तेराव्यानंतर काकीनं त्याला जवळ बसवून विचारलं होतं, नक्की काय झालं ते सांग. विराजनं तोंड उघडलं, समर्थचं नाव घेतलं आणि त्याला असा हुंदका आला की पुढं शब्दच फुटेना. काकीनंच त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि ती म्हणाली, राहू दे आता, पुढं कधी तरी सांग.

नोकरीसाठी हाच प्रसंग सांगायचा म्हणजे कठीणच होतं. विराज आणि रुद्र दोघांनीही सांगलीतल्या एका इंटरव्ह्यू अकॅडमीत नाव घातलं. अकॅडमी गांधाली निकम नावाच्या बाई चालवायच्या. एके काळी त्या कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. बोलणं गोड आणि नजर करडी.

विराजनं पहिल्या दिवशी आपला प्रसंग कसाबसा सांगितला. ‘वी’ पुट द लॉग, ‘वी’ सेव्हड द चिल्ड्रेन. मॅडमनी हात वर करून त्याला थांबवलं.

“हे ‘वी’ कोण? कंपनी मंडळाला नोकरी देत नाही, तुम्हाला देते. ओंडका कुणी घातला?”

“मंडळानं,” विराज म्हणाला.

वर्गात हशा पिकला. मॅडम हसल्या नाहीत. उत्तराचे पाच खण असतात, त्या म्हणाल्या: परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम आणि शिकवण. पाचही खणांत माणूस एकच हवा, आणि तो तुम्ही. आणखी एक, परिणामाच्या खणात मृत्यू चालत नाही. आठ मुलं वाचली, तिथं पूर्णविराम द्यायचा.

पण असं सांगितलं तर कान लाल दिवा लावेल, अशी शंका विराजनं काढली. त्यावर मॅडमनी कपाटातून पट्टी काढली.

त्या पट्टीमागचं शास्त्र तसं सोपं आहे. आपल्याला वाटतं, आठवण म्हणजे डोक्यात ठेवलेला फोटो, हवा तेव्हा काढावा आणि पुन्हा ठेवून द्यावा. तसं नसतं. प्रत्येक वेळी आपण काही आठवतो तेव्हा ती आठवण मेंदूत सैल होते आणि थोड्या वेळानं पुन्हा घट्ट बसते. गुऱ्हाळात ढेप पुन्हा तापवली तर तो गूळ नव्या साच्यात ओतता येतो, तसंच हे. सैल झालेल्या वेळात माणूस जे बोलतो, ऐकतो, तेही तिच्यात मिसळतं. एरवी हे मिसळणं अगदी थोडं असतं. म्हणूनच आजोबांच्या गोष्टीतला साप दर वर्षी थोडा लांब होतो. कपाळावर बांधायची पट्टी हलक्या विद्युतलहरींनी ती सैल वेळ लांबवायची. तेवढ्या वेळात पाच खणांचं उत्तर पुन्हा पुन्हा म्हणायचं. आठवण थंड होताना तोच आकार घेऊन बसायची. मग कान लाल दिवा कुठून लावणार? माणूस खोटं बोलतच नसायचा.

मॅडम याला पॉलिश म्हणायच्या, आणि पोरांनाही ते पॉलिशच वाटायचं. पट्टी बांधून विराजनं उत्तर घोकलं. पहिल्या काही दिवसांत गळा दाटायचा, मग तो मोकळा झाला. ‘आय टुक द इनिशिएटिव्ह’ म्हणताना ओंडक्याचा खरखरीत बुंधा त्याला हातात जाणवू लागला. शेजारच्या खोलीत रुद्र काय घोकतोय हे त्यानं विचारलं नाही. एकाच मंडळाची पोरं, एकच प्रसंग, वेगळं काय घोकणार?

कान हिरवा झाला. चाकणजवळच्या एका बॅटरी कंपनीत विराजला नोकरी लागली. करारात एक अट होती की दर वर्षी कान तेच उत्तर पुन्हा ऐकेल, आणि आवाज डळमळला तर नोकरी जाईल. विराजनं ती वाचली आणि सही केली. त्याचा आवाज कशाला डळमळेल?

पेढे घेऊन तो काकीकडे गेला. काकीनं पेढा देवापुढे ठेवला, त्याला पाटावर बसवून ताट वाढलं आणि ती म्हणाली, “आता तरी सांगशील का रं? पोलिसांनी लिवलंय माझं पोर मोटर सोडून पळालं. ते खोटं हाय एवढं मला ठावं हाय. पर तू तिथं हुतास. तू सांग.”

विराजनं सांगायला सुरुवात केली. डोंगर कसा खाली आला, त्यानं ओंडका कसा उचलला, सांगाड्याखाली कसा घातला, एकेका मुलाला कसं बाहेर ढकललं. सगळं स्पष्ट, ओळीनं, कुठेही न अडता. सांगून झालं आणि त्याच्या लक्षात आलं की काकी अजून वाट बघतेय.

“आणि समर्थ?” तिनं विचारलं.

विराजनं डोळे मिटून शोधलं. धूर दिसला, ओंडका दिसला, पोरांचे रंगवलेले चेहरे दिसले. समर्थ कुठेच नव्हता. तो मेला हे त्याला माहीत होतं, जसं आपल्याला पणजोबा वारल्याचं माहीत असतं तसं. मला आठवत नाही, असं तो कसंबसं म्हणाला, आणि काकीनं ताट उचलून आत नेलं.

काकी गप्प बसणारी बाई नव्हती. तिनं अर्जामागून अर्ज करून फेरचौकशी लावून घेतली. सरकारनंही एव्हाना कान घेतला होता. चौकशी करणाऱ्या अधिकारी बाई शांत स्वभावाच्या, फारसं न बोलणाऱ्या. त्यांनी आधी रुद्रला आत घेतलं, मग विराजला. विराजनं जे आठवत होतं ते सगळं सांगितलं. हिरवा दिवा लागला.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रुद्रनंही हेच सांगितलंय, त्या म्हणाल्या. ओंडका त्यानं घातला, मुलं त्यानं ढकलली. त्याचाही दिवा हिरवाच. दोघांनी मिळून केलं असेल, मानवी मन आहे, जो तो आपलाच हात लक्षात ठेवतो. मुद्दा तो नाहीच. तुम्ही दोघं खाली होतात, म्हणजे मोटरवर तिसरा होता. पोलिसांनी लिहिलं होतं ते बरोबरच होतं.

सांगलीची अकॅडमी, ती पट्टी, ते पाच खण, सगळं विराजनं भडाभडा सांगितलं. माझी आठवण विकत घेतलेली आहे, ती धरू नका. ओंडका समर्थनंच घातला. तो पळणाऱ्यातला नव्हता.

टेबलावरचा दिवा लाल झाला. बाईंनी त्याच्याकडे जरा मायेनंच पाहिलं.

“मित्रासाठी खोटं बोलावंसं वाटतं, मी समजू शकते,” त्या म्हणाल्या. “पण तुम्ही स्वतः जे बोलताय त्यावर तुमचाच विश्वास नाही.”

ते खरंच होतं. समर्थनं ओंडका घातला असं तो तोंडानं म्हणत होता तेव्हाही त्याच्या तळहातांना आपल्याच हातातला ओंडका जाणवत होता. बाहेर बाकावर काकी बसली होती. आत काय झालं ते तिला शिपायानं सांगितलं. ती उठली आणि विराज-रुद्रला मागे टाकून एसटी स्टँडकडे चालू लागली. दोघं मित्र एकमेकांकडे बघत उभे राहिले. तू खाली होतास का, विराजनं विचारलं. होतो की, रुद्र म्हणाला, पण तू कुठं होतास? दोघांच्याही आठवणीत दुसरा कुठेच नव्हता, आणि त्या दिवसानंतर दोघांनी एकमेकांना फोन केला नाही.

विराज तडक सांगलीला गेला. मॅडम, माझी जुनी आठवण परत द्या, एवढं एकच त्याचं म्हणणं होतं.

“ती कुठं ठेवलेली नसते रे,” निकम मॅडम म्हणाल्या. “ढेप नव्या साच्यात ओतल्यावर जुनी ढेप कुठून आणू? फार तर आणखी एक नवी करून देऊ शकते.” मग खिडकीबाहेर बघत त्या बोलल्या, “पट्टी आली तेव्हा मी आधी स्वतःवर बांधून पाहिली होती. तेव्हापासून माझ्या वडिलांचा मृत्यू मी फार छान सांगते.”

विराजला वाटलं होतं, तो त्यांच्यावर चिडेल. चिडताही येईना. बाहेर चहाच्या टपरीवर बसून तो विचार करत राहिला. तो खाली होता की मोटरवर होता, हे जगातल्या कुठल्याही माणसाला आता सांगता येणार नव्हतं, त्याला स्वतःलाही नाही. जिकडे वळावं तिकडे भिंत. खरं बोललं तर लाल दिवा, खोट्याला हिरवा. आणि खरं कोणतं हेसुद्धा त्याला नक्की ठाऊक नव्हतं. कोण जाणे, ओंडका कदाचित त्यानंच घातला असेल. पण समर्थ पळाला नाही हे काकीला ठावं होतं, आणि काकीवर त्याचा स्वतःच्या डोक्यापेक्षा जास्त विश्वास होता. समर्थ खाली असेल तर मोटरवर दुसरं कुणी तरी असायलाच हवं होतं.

तो परत वर अकॅडमीत गेला आणि मॅडमना म्हणाला, मला मोटरवर बसवा.

मॅडमनी त्याला खूप समजावलं. असलं उत्तर कुठल्याच कंपनीत चालणार नाही. पुढच्या वेळी कान ऐकेल आणि चाकणची नोकरी जाईल. तुझ्या हातून बटण सुटलं असं एकदा बसलं की जन्मभर तेच दिसत राहील, रे बाबा, झोपेतसुद्धा. विराज ऐकेना. समर्थ त्या डोंगराखाली दोषी म्हणून पडून राहिलेला त्याला बघवत नव्हता.

शेवटी त्यांनी पट्टी बांधली. पट्टीचं यंत्र इंग्रजीवर आणि त्याच पाच खणांवर चालायचं, त्यामुळे हा कबुलीजबाबही त्याच साच्यात घालावा लागला. परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम. ‘आय टेक फुल ओनरशिप.’ पाचवा खण भरल्याशिवाय यंत्र पुढं सरकेना.

“शिकवण काय लिहू?” मॅडमनी सवयीनं विचारलं, आणि मग त्यांचं त्यांनाच काही तरी वाटून त्यांनी मान खाली घातली. खण रिकामा ठेवता येत नव्हता. म्हणून शेवटी ‘आय लर्न्ड टू स्टे ॲट माय पोस्ट’ असं घालून त्यांनी तो भरला आणि विराजनं तेही घोकलं.

चाकणहून काढलेली रजा संपेपर्यंत तो रोज येत राहिला. ओंडका त्याच्या हातातून हळूहळू गेला. त्या जागी अंगठ्याखाली एक गोल, घामानं निसरडं झालेलं बटण आलं. धुरानं ठसका लागला, हात तोंडाकडे गेला, बटण सुटलं. समोर समर्थ डोंगराखाली धावत गेला. तो आता त्याला दिसत होता, पाठमोरा, भगव्या टी-शर्टात. इतक्या दिवसांनी मित्र दिसला म्हणून विराजला भडभडून यायला हवं होतं, पण पट्टीनं गळ्यातला कढ पहिल्याच आठवड्यात सपाट केला होता.

चौकशीच्या बाईंकडे जाण्याआधी काकीला सांगायचं, असं त्यानं ठरवलं होतं. तो गेला तेव्हा काकी दुपारच्या उन्हात ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. तो समोर बसला आणि त्यानं सांगितलं. मोटरवर मी होतो. बटण माझ्या हातून सुटलं. समर्थनं ओंडका घातला, त्यानंच सगळी मुलं बाहेर काढली. तो पळाला नाही, काकी. उद्या मी हे सरकारात सांगणार आहे, आणि या वेळी दिवा हिरवा लागेल. त्याचं नाव धुऊन निघेल.

काकीचा हात थांबला नाही. ती शेंग फोडायची, दाणे सुपात टाकायची, टरफल बाजूला टाकायची.

“परवा रुद्र आला हुता,” ती म्हणाली. “त्योबी हेच सांगून गेला. मोटरवर मी हुतो, बटण माझ्या हातनं सुटलं. तुझ्यावाणीच, कुठंबी न अडखळता.”

विराजनं मनात हिशोब मांडला. रुद्र सांगलीला जाऊन आला, आणि निकम मॅडम एका शब्दानं बोलल्या नाहीत. की बोलल्या होत्या आणि त्यालाच आता आठवत नव्हतं?

“पयलं तुमी दोघंबी खाली हुता,” काकी हळूहळू, स्वतःशी मांडत असल्यासारखी बोलू लागली. “आता दोघंबी मोटरवर. धुतलं तुमी त्याचं नाव, उपकार झालं. पर म्हंजे खाली, तिथं, माझं पोर एकटंच हुतं.”



काकीनं सूप बाजूला सारलं आणि पदराला हात पुसले. आता पहिल्यांदाच तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. “एवढंच सांग,” ती म्हणाली. “शेवटाला त्यो काय बोलला? आईला हाक मारली का?”

विराजनं जीव तोडून शोधलं. बटण होतं, धूर होता, भगवी पाठ होती. त्यापुढे कुठलाच खण नव्हता. कधी काळी याच घरात, याच बाईसमोर, हे सांगायला त्यानं तोंड उघडलं होतं, तेव्हा उत्तर त्याच्याजवळ होतं की नव्हतं, हेही त्याला आता कळायला मार्ग नव्हता. त्याला रडायचं होतं. निदान आवाज तरी चिरकावा, असं त्याला वाटत होतं.

“मला ऐकू आलं नाही, काकी,” तो म्हणाला. “मोटरचा आवाज फार होता.”

आवाज अगदी स्वच्छ आला, कुठेही न थरथरता.